शंभर पुस्तकं, शंभर परीक्षणं : त्रेसष्टावर येऊन अडले आहे

शांभवी_स | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

१ जानेवारीला ठरवलं की या वर्षी शंभर पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर किमान तीनशे शब्द लिहायचे. आज त्रेसष्ट झाली. हिशेबाने आजच्या तारखेला एकोणसाठ व्हायला हवी होती, म्हणजे मी चार पुस्तकं पुढेच आहे. तक्रार आकड्याची नाही.

काल एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, "मार्चमध्ये तू दोन बहिणींच्या कादंबरीवर लिहिलं होतंस ना, कशी आहे ती?" मला काही केल्या आठवेना. वही काढली. क्रमांक १७. माझ्याच अक्षरात तीनशे बारा शब्द. 'नातेसंबंधांचा हळुवार वेध', 'ओघवती शैली', 'शेवटपर्यंत खिळवून ठेवते'. तीनदा वाचलं, पण त्या बहिणी, त्यांचं घर, शेवटी काय होतं, यातलं काहीही डोळ्यांपुढे आलं नाही. ते परीक्षण कुठल्याही कादंबरीला चिकटवलं असतं तरी चाललं असतं.

उलट क्रमांक ४ वर लिहिताना मी जवळजवळ सगळा मजकूर एकाच प्रसंगावर खर्च केला होता. एक म्हातारा मुलाचं पत्र तीन दिवस न उघडता उशीखाली ठेवतो. ते पुस्तक मला अजून पानापानाने आठवतं.

दुसरं म्हणजे, वाचता वाचताच डोक्यात परीक्षणाची वाक्यं जुळायला लागली आहेत. पात्र रडत असतं आणि मी 'करुण रसाचा परिपोष' कुठे घालायचा ते ठरवत असते. तिसरं, एप्रिलपासून नकळत बारीक पुस्तकं निवडतेय. गेल्या वीसांतली चौदा दीडशे पानांच्या आतली. जाड पुस्तक हातात घेते, शेवटच्या पानाचा आकडा बघते आणि परत ठेवते.

संकल्प असाच पुढे न्यावा, नियम बदलावेत, की इथेच थांबावं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. एक विनंती, शक्यतो पुस्तकांची नावं घेऊ नका. याद्यांचा धागा वेगळा आहे, इथे नावं आली की चर्चा तिकडे वाहून जाते.

रमतगमत | ३ ऑगस्ट, रात्री ११:०२

थांबू नका! सदतीसच राहिली. एवढं अंतर चालून आल्यावर कुणी माघारी फिरतं का?

बेरीज_वजाबाकी | ३ ऑगस्ट, रात्री ११:३५

पाटी-पेन्सिल घेऊन बसलो.

पुस्तक सरासरी दोनशे पानांचं धरू. शंभर पुस्तकांची वीस हजार पानं, रोजची पंचावन्न. मी घड्याळ लावून पाहिलंय, साध्या कादंबरीची माझी तासाला तीस पानं होतात. म्हणजे रोज पावणेदोन तासांच्या वर नुसतं वाचन. एका परीक्षणाला दीड तास धरला तर वर्षाचे दीडशे तास, म्हणजे रोजची आणखी पंचवीस मिनिटं. एकही दिवस न चुकता सव्वादोन तास. हे तुम्ही सात महिने केलंत, त्याला आधी नमस्कार.

आता तुमची बारीक पुस्तकं. वर्ष संपायला दीडशे दिवस आहेत आणि पुस्तकं सदतीस, एकाला जेमतेम चार दिवस. याच वेगाने नऊशे पानांचं एक पुस्तक घेतलंत तर सोळा दिवस जातात, म्हणजे चार पुस्तकांचे दिवस एकाच पुस्तकाने खाल्ले. पुस्तकं मोजलीत की जाड पुस्तक आपोआप शत्रू होतं. यात तुमचा दोष नाही, मापच तसं आहे. पानं मोजा. वीस हजार पानांचा संकल्प करा, मग दोनशेची पाच वाचा नाहीतर हजाराचं एक.

स्पष्ट_बोलतो | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

माझं मत वेगळं आहे. वाचनाचा आकडा जाहीर करणं मुळात मला पटत नाही, पानांचाही नाही. एखाद्या माणसाला तुम्ही या वर्षी किती वेळा मनापासून भेटलात, हे मोजता का? मी गेली दोन वर्षं एकच पुस्तक पुन्हापुन्हा वाचतोय, तत्त्वज्ञानाचं आहे. दिवसाला कधी एक पान होतं, कधी एक परिच्छेद. तुमच्या हिशेबात माझं वाचन शून्य भरेल.

पुन्हा_वाचणारी | ४ ऑगस्ट, सकाळी ९:२५

@स्पष्ट_बोलतो, तुमचं वाचन शून्य नाहीच. पण आकड्याने काहींना आधार होतो, तेही ऐकून घ्या.

घरात चार वर्षं सतत आजारपण होतं. त्या काळात मी एकही पुस्तक पुरं केलं नाही. पहिलं पान वाचायचं, मग आतून हाक यायची, परत आल्यावर पुन्हा पहिलं पान. सगळं संपल्यानंतर वेळ होता, पण सवय मोडली होती. अर्ध्या पानावर मन उठून जायचं. तेव्हा बारा आकडा धरला, महिन्याला एक. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि एक ते बारा आकडे लिहिले. पहिलं पुस्तक संपायला सात आठवडे लागले. त्या एकच्या पुढे नाव लिहिताना हात थरथरत होता, खरंच सांगते. वर्षाअखेर नऊ झाली. तीन रिकाम्या ओळींसकट तो कागद अजून दारावर आहे.

तेव्हा आकडा वाईट असं सरसकट नका म्हणू. कुणाचा आकडा कुठून आलाय ते पाहायला हवं.

स्पष्ट_बोलतो | ४ ऑगस्ट, सकाळी ९:५०

@पुन्हा_वाचणारी, शब्द मागे घेतो. तुमचा नऊ हा आकडा मला कायम लक्षात राहील.

खिळे_जुळारी | ४ ऑगस्ट, दुपारी १:१५

शांभवीताई, मी एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. तुमच्या दुसऱ्या तक्रारीबद्दल, म्हणजे वाचतानाच परीक्षण जुळू लागण्याबद्दल, थोडं सांगावंसं वाटतं.

मुद्रितं तपासताना अर्थाकडे लक्ष गेलं की चुका निसटतात. डोळा शब्दाचा आकार बघून पुढे पळतो, वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ तिकडे बघतच नाही. म्हणून आम्ही अर्थ बाजूला ठेवून अक्षर वाचायला शिकलो. कठीण मजकूर असेल तर ओळीखाली पट्टी धरून वाचायचो. ही सवय इतकी मुरली की घरी आवडीची कादंबरी घेतली तरी मला फक्त चुका दिसायच्या. नायिका नदीत उतरतेय आणि माझं लक्ष तुटलेल्या अनुस्वारावर. तीन-चार वर्षं मी आनंदासाठी काही वाचूच शकलो नाही.

उपाय साधा निघाला. कामाचं वाचन टेबलाशी, हातात पेन्सिल. आवडीचं वाचन खुर्चीत, पेन्सिल दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला हात सारखा खिशाकडे जायचा. दोन-तीन महिन्यांत सुटला. तुम्हीही वाचताना वही जवळ ठेवू नका. जे खरोखर भिडेल ते वही नसली तरी राहील.

अक्षरगंध | ४ ऑगस्ट, दुपारी १:४०

काका, किती सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली.

निळीशाई | ४ ऑगस्ट, दुपारी ४:२०

असं टोकाचं करून दाखवलेल्या दोघी आहेत, त्यांचा उल्लेख इथे हवाच.

नीना सँकोविच या अमेरिकन लेखिकेने ऑक्टोबर २००८ पासून वर्षभर रोज एक पुस्तक वाचलं आणि प्रत्येकावर लिहून ते संकेतस्थळावर टाकलं. तिची मोठी बहीण २००५ मध्ये कर्करोगाने गेली होती. तीन वर्षं ती स्वतःला कामात बुडवून पळत राहिली आणि मग थांबून वाचायला बसली. रोज एक म्हटल्यावर फार जाड पुस्तकं तिलाही घेता येत नव्हती, पण तिला विक्रम करायचा नव्हता, तिला दुःखाजवळ बसायला जागा हवी होती.

दुसरी अ‍ॅन मॉर्गन. २०१२ या एका वर्षात जगातल्या प्रत्येक स्वतंत्र देशातलं एक पुस्तक वाचायचं, असं तिने ठरवलं. जवळपास दोनशे पुस्तकं. गंमत आकड्यात नाही, शोधात आहे. साओ टोमे अँड प्रिन्सिपे या छोट्या बेटांच्या देशातलं इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा अनोळखी स्वयंसेवकांनी तिच्यासाठी एक पोर्तुगीज कथासंग्रह अनुवादित करून दिला. नुसता आकडा धरून बसली असती तर सोपं काहीतरी उचलून पुढे गेली असती. तिला नकाशा पुरा करायचा होता, म्हणून ती अडली आणि अडली म्हणून ते पुस्तक मिळालं.

शांभवी, तुझे शंभर कशासाठी आहेत?

शांभवी_स | ४ ऑगस्ट, रात्री ९:०५

@निळीशाई, हा प्रश्न दिवसभर मनात फिरतोय. खरं सांगायचं तर शंभर हा आकडा गोल आहे म्हणून घेतला.

पण परीक्षणं लिहायचं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी मी एक पुस्तक अर्ध्याच्या वर वाचल्यावर लक्षात आलं की हे आपण आधी वाचलंय. मार्जिनमध्ये माझीच खूण होती. फार हादरले. वाचलेलं असं वाहून जाऊ नये म्हणून लिहायचं ठरवलं. आणि आता क्रमांक १७ लिहूनही वाहून गेला.

बेरीज_वजाबाकी, तुमचा हिशेब दोनदा तपासला. बरोबर आहे.

प्रा_मनोरमा | ४ ऑगस्ट, रात्री १०:३०

इथे मानसशास्त्राचं थोडं बोलते, विषय शिकवते म्हणून.

विसरण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास हरमन एबिंगहाउसचा, १८८५ सालचा. त्याने अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं.

शांभवीच्या प्रश्नाशी जास्त जवळचा प्रयोग २००६ चा, रोडिगर आणि कार्पिके यांचा. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले.

आता सांग, क्रमांक १७ लिहिताना पुस्तक समोर उघडं होतं का? मलपृष्ठ वाचलं होतंस का?

शांभवी_स | ४ ऑगस्ट, रात्री १०:४२

उघडं होतं. आणि हो, आत्ता मलपृष्ठाचा फोटो मागवून पाहिला. 'नातेसंबंधांचा हळुवार वेध' हे शब्द तिथलेच आहेत.

प्रा_मनोरमा | ४ ऑगस्ट, रात्री १०:५०

मग तू आठवलंसच नाहीस, उतरवून काढलंस. क्रमांक ४ च्या वेळी?

शांभवी_स | ४ ऑगस्ट, रात्री १०:५८

ते पुस्तक ग्रंथालयाला परत करून टाकलं होतं. दोन दिवसांनी नुसत्या आठवणीवर लिहिलं.

रमतगमत | ४ ऑगस्ट, रात्री ११:०१

अंगावर काटा आला राव. प्राध्यापकबाईंनी पोलीस तपास केल्यासारखा छडा लावला!

स्पष्ट_बोलतो | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५५

मनोरमाताई, एक शंका. एबिंगहाउसचे निरर्थक अक्षरसमूह आणि कादंबरी यांची तुलना कशी होईल? कादंबरीतलं पात्र म्हणजे काही पाठ केलेलं अक्षर नव्हे.

प्रा_मनोरमा | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

शंका रास्त आहे. अर्थ असलेला मजकूर बराच जास्त टिकतो. त्याने अक्षरं निरर्थक घेतली तीही मुद्दाम, आधीच्या ओळखीचा आधार मिळू नये म्हणून. म्हणूनच माझा भर दुसऱ्या प्रयोगावर आहे, तिथे गद्य उतारे होते. कादंबरी उताऱ्यापेक्षा खूप मोठी असते हे मान्य, पण पुस्तक मिटून लिहिण्याचा फायदा मी स्वतः वर्षानुवर्षं घेतेय.

वेगवान | ५ ऑगस्ट, सकाळी ११:००

एवढा हिशेब कशाला? जलदवाचनाचं एखादं अ‍ॅप घ्या. एकेक शब्द पडद्यावर झरझर येतो, मिनिटाला पाचशे-सहाशे शब्द होतात. शंभर काय, दोनशे होतील.

प्रा_मनोरमा | ५ ऑगस्ट, सकाळी ११:४०

@वेगवान, वाचनात डोळ्यांच्या हालचाली कशा होतात यावर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ चा सविस्तर आढावा आहे. निष्कर्ष असा की वेग वाढवला की आकलनातून काहीतरी वजा होतं. वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो, प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबतो, आणि अडलं की मागे जातो. एकेक शब्द दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मागे जाण्याची सोयच राहत नाही. वरवर चाळायचं असेल, कामाचं टिपण शोधायचं असेल, तर ठीक.

खिळे_जुळारी | ५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

मागे जाणारा डोळा म्हणजेच वाचणारा डोळा, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात कळायचं.

कानसेन | ५ ऑगस्ट, दुपारी २:३०

माझी दृष्टी अधू आहे. गेली सहा वर्षं मी पुस्तकं ऐकतोच. दुसऱ्या एका मंडळात मला सांगितलं गेलं की ऐकलेली पुस्तकं संकल्पात धरता येणार नाहीत. फार लागलं होतं. इथे लोकांना काय वाटतं?

जुनी_पानं | ५ ऑगस्ट, दुपारी ४:५०

@कानसेन, तुमच्या बाजूने मी थेट प्राचीन रोमला उभं करतो.

थोरला प्लिनी, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेलेला. त्याचा भाचा धाकटा प्लिनी एका पत्रात मामाची वाचनाची पद्धत सांगतो. जेवताना कुणीतरी त्याला पुस्तक वाचून दाखवायचं. स्नानानंतर अंग पुसलं जात असतानाही वाचन चालू असायचं. तो ऐकायचा आणि टिपणं काढायचा. मरताना त्याने बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या एकशे साठ टिपणवह्या भाच्याला ठेवल्या. त्या काळातला हा सर्वांत मोठा वाचक बरंचसं कानांनीच वाचत होता. तुमची सगळी पुस्तकं धरा, बिनधास्त.

त्याच पत्रात एक प्रसंग आहे. वाचणाऱ्याने एक शब्द चुकीचा उच्चारला, तेव्हा प्लिनीच्या मित्राने त्याला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. प्लिनीने मित्राला विचारलं, तुला अर्थ कळला होता ना? हो. मग थांबवलंस कशाला? तुझ्यामुळे आपल्या दहा ओळी बुडाल्या!

कानसेन | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१५

जुनी_पानं, मनापासून आभार. आज रात्री हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवायला सांगणार आहे.

बेरीज_वजाबाकी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४०

धरायचं-न धरायचं निघालंच आहे तर, किती पानांपासून पुस्तक म्हणायचं? माझ्या यादीत एक दीर्घकविता आहे, पुस्तिकाच म्हणा, अठ्ठेचाळीस पानांची. महिनाभर वाचत होतो.

ग्रंथसखी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

मी ग्रंथपाल आहे, म्हणून व्याख्या सांगते. युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीसाठी ठरवलेली आहे: मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून किमान एकोणपन्नास पानं, तर ते पुस्तक. त्याखाली पुस्तिका.

बेरीज_वजाबाकी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३३

एका पानाने हुकलं!!

खिळे_जुळारी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

हुकणारच. पुस्तकं सहसा सोळा पानी फर्म्यात छापतात, फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेला पानांचा गठ्ठा. अठ्ठेचाळीस म्हणजे बरोबर तीन फर्मे. एकोणपन्नासावं पान हवं तर चौथ्या फर्म्याचा कागद घालावा लागतो, आणि तेवढ्यासाठी कुणी घालत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी कधीकधी कोरी पानं दिसतात ना, ती याच हिशेबातून उरलेली असतात. मजकूर संपला तरी फर्मा पुरा करावा लागतो.

तुमची दीर्घकविता धराच. महिनाभर वाचलीत म्हणता, मग आणखी काय हवं?

ग्रंथसखी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

काकांशी सहमत. व्याख्या मोजणाऱ्यांसाठी, वाचकांसाठी नाही.

मला परीक्षणांबद्दल बोलायचं आहे, कारण सगळेजण शांभवीच्या स्मरणशक्तीचाच विचार करताय. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. या तिसऱ्यावर माझा फार जीव आहे. कपाटात वर्षानुवर्षं न हललेलं पुस्तकही कुणाची तरी वाट बघत असतं, आणि ती गाठ घालून देणं हे आमचं काम. परीक्षण तेच काम करतं.

आमच्याकडे एक वाचक पुस्तक परत करताना पहिल्या पानात एक चिठ्ठी ठेवायचे. दोन ओळी, जास्त नाही. एका जाड आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं होतं: 'पहिली नव्वद पानं वंशावळ आहे, ओलांडा. पान ११२ वर ते पहिल्यांदा खोटं बोलतात, तिथून पुस्तक सुरू होतं.' ते पुस्तक नऊ वर्षांत दोनदा बाहेर गेलं होतं. चिठ्ठीनंतर दोन वर्षांत सतरा वेळा गेलं. चिठ्ठी फाटायला आली तेव्हा मी ती पारदर्शक पाकिटात घातली.

शांभवी, तीनशे शब्दांची अट काढून टाक. पान ११२ सापडलं की झालं.

अक्षरगंध | ५ ऑगस्ट, रात्री ८:२०

पण 'परीक्षण' म्हणजे नेमकं काय, यातच गोंधळ आहे असं नाही का वाटत? परिचय वेगळा: पुस्तक कशावर आहे, कुणासाठी आहे. परीक्षण म्हणजे जमलं की फसलं हे पारखून सांगणं. रसग्रहणात आपल्याला काय भिडलं ते उलगडायचं. समीक्षा त्याहून लांबचा पल्ला, पुस्तकाला परंपरेत, काळात ठेवून बघायचं. शांभवीने शंभर 'परीक्षणं' ठरवली आणि बहुतेक वेळा 'परिचय' लिहिले असावेत. क्रमांक ४ रसग्रहण होतं.

टीकाकार_नाही | ६ ऑगस्ट, सकाळी १०:१०

परीक्षणावरून माझी एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षं मनात आहे.

मीही असाच संकल्प केला होता, पन्नासचा. डिसेंबर आला, नऊ उरली. एका नव्या लेखकाची पहिली कादंबरी रात्री अकराला घेतली, दीडला संपवली, सकाळी परीक्षण टाकलं. कडक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की नवव्या प्रकरणातला मुलाचा मृत्यू केवळ डोळ्यांत पाणी आणण्यासाठी घातलाय.

तीन दिवसांनी त्या लेखकाचं पत्र आलं. राग नव्हता. एवढंच लिहिलं होतं: 'आपण वेळ काढून वाचलंत याबद्दल आभारी आहे. मुलगा मरत नाही. नवव्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात तो दार उघडतो.'

मी पुस्तक काढलं. खरंच, शेवटच्या चार ओळींत दार उघडतं. मी पान उलटून गेलो होतो. परीक्षण काढलं, जाहीर माफी मागितली, पुस्तक पुन्हा वाचलं. त्या चार ओळींवर सगळी कादंबरी उभी होती. त्यांनी पाच वर्षं घालवलेल्या गोष्टीला मी अडीच तास दिले होते, आणि तेही मोजायला.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. ज्या पुस्तकाला वेळ देता आला नाही त्यावर लिहायचं नाही. वाचून झालं असलं तरी.

पुन्हा_वाचणारी | ६ ऑगस्ट, सकाळी १०:३५

शेवटच्या परिच्छेदात तो दार उघडतो... वाचून गलबलले.

रमतगमत | ६ ऑगस्ट, दुपारी १२:००

मी पहिल्या प्रतिसादात 'थांबू नका' म्हणालो होतो. आता तसं म्हणवत नाही.

जुनी_पानं | ६ ऑगस्ट, दुपारी ३:२०

पण परीक्षणं लिहिणं सोडू मात्र नका हं. अवांतर वाटेल, तरी सांगतो.

नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये फोटियस नावाचा विद्वान होता, पुढे तिथला धर्मप्रमुख झाला. त्याने आपल्या भावासाठी वाचलेल्या पुस्तकांची टिपणं लिहिली, सुमारे दोनशे ऐंशी. कुठे चार ओळी, कुठे पानंच्या पानं. विषय काय, शैली कशी, कुठे कंटाळवाणं आहे, सगळं. आपण ज्याला परीक्षण म्हणतो त्याच्या अगदी जवळचं.

पुढे त्यातली कित्येक मूळ पुस्तकं नष्ट झाली. तेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता, त्याने भारतावर एक पुस्तक लिहिलं होतं. स्वतः भारतात न येता, ऐकीव माहितीवर, अद्भुत प्राण्यांनी भरलेलं. ते पुस्तक आज नाही. त्यात काय होतं हे आपल्याला मुख्यतः फोटियसने केलेल्या सारांशामुळे कळतं. त्याने 'ओघवती शैली, खिळवून ठेवते' एवढंच लिहिलं असतं तर आपल्या हाती काय उरलं असतं?

शांभवी_स | ६ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचतेय, प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचंय पण आत्ता शब्द नाहीत. ग्रंथालयातून क्रमांक १७ पुन्हा आणलंय. वाचून झालं की लिहिते.

शांभवी_स | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

उशिराबद्दल माफ करा. क्रमांक १७ पुन्हा वाचायला अकरा दिवस लागले. मार्चमध्ये दोन दिवसांत संपवलं होतं. वही काकांच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या खोलीत. वाचल्यावर पुस्तक परत केलं आणि तीन दिवसांनी लिहायला बसले. आठवलं ते असं:

दोन म्हाताऱ्या बहिणी एका घरात राहतात आणि कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. तरी थोरली रोज सकाळी दोघींचे चष्मे पुसून खिडकीत ठेवते. एक दिवस ती चुकून धाकटीचा चष्मा घालते. समोरचं सगळं धूसर होतं, डोकं गरगरतं. धाकटीची नजर किती गेलीय हे तिला त्या क्षणी कळतं. बोलायचं तर नाही. ती चष्मा पुन्हा पुसते, जागेवर ठेवते. त्या संध्याकाळपासून टेबलावरचा दिवा धाकटीच्या बाजूला सरकलेला असतो. लेखिका त्याबद्दल काही म्हणत नाही. पुढच्या प्रकरणात धाकटी तो दिवा परत मध्ये आणून ठेवते, एवढंच.

पाऊणशे शब्द झाले. हे मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजच आणते.

मार्चमध्येही ही पानं माझ्या डोळ्यांखालून गेली होती. तेव्हा त्यांनी मला थांबवलं नाही, किंवा मी थांबले नाही.

शंभरचा आकडा वहीच्या मुखपृष्ठावरून खोडलाय. उरलेल्या वर्षात जेवढी होतील तेवढी. पुस्तक परत केल्यावरच लिहायचं, आणि मलपृष्ठ वाचायचं नाही (त्यावर कागदाचं वेष्टन घालते). ज्यांच्यावर लिहावंसं वाटणार नाही त्यांची फक्त नावं. जुन्या त्रेसष्टांतली एकवीस परीक्षणं अशी निघाली की ज्यांत पुस्तकातलं एकही नाव, एकही जागा, एकही वस्तू नाही. ती पानं फाडली नाहीत, कोपरे दुमडून ठेवलेत. जमतील तशी ती पुस्तकं पुन्हा आणेन.

चौसष्टावं सुरू केलंय. जानेवारीपासून चार वेळा हातात घेऊन परत ठेवलेलं. आठशे शहाण्णव पानं. आज पान ७१ वर आहे.

बेरीज_वजाबाकी | २४ ऑगस्ट, रात्री १०:२८

या वेळी हिशेब करत नाही.

कानसेन | २४ ऑगस्ट, रात्री १०:४०

दिव्याचा परिच्छेद दोनदा ऐकला. या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण आहे का ते शोधतोय. नाव मात्र व्यक्तिगत निरोपात कळवा.

खिळे_जुळारी | २५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आठशे शहाण्णव म्हणजे छप्पन्न फर्मे पुरते. सावकाश वाचा ताई. शेवटी कोरी पानं किती उरली आहेत ते पोचल्यावर कळवा, आधी बघू नका.